दोन फाळांची फळी

नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. तरीही लाटेवर उभं राहून घसरायची फळी, म्हणजे ज्याला सर्फबोर्ड म्हणतात ती, मी मखमलाबादच्या मळ्यात आणली. तीही नवशिक्यांची नव्हे! मुरलेल्या लोकांची, आखूड आणि चपळ. घरात कुणी मला अडवलं नाही. उलट सगळ्यांनी मिळून, फोनवरून, एकमताने ती निवडली. (आमच्या घरात एकमत झालं की शहाण्या माणसाने चपला घालून तयार राहावं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.)

आधी हे खूळ डोक्यात कुठून शिरलं ते सांगते. माझं माहेर मनमाडचं, वडील रेल्वेत. मनमाडला नळाला पाणी येणं हा आमच्या लहानपणी सणच होता. पाणी आलं की शाळा, अभ्यास, ताप, सगळं बाजूला ठेवून हंडा घेऊन पळायचं. अंघोळीला तांब्ये मोजून मिळायचे. अशी मी लग्न होऊन फुलशेतीवाल्यांच्या घरात आले. गुलाब, शेवंती, झेंडू. पहाटे उठून फुलं खुडायची, टोपल्या बाजारात रवाना करायच्या आणि दुपारी घर असं निवांत झोपायचं की भिंतीवरची पालसुद्धा बिचारी हळू बोलायची.

नव्वद सालानंतरचा तो काळ. आमच्याकडे नुकतंच केबल आलं होतं. दुपारी सगळे झोपले की मी आवाज बंद करून टीव्ही लावायची. एका इंग्रजी चॅनेलवर एक बाई रोज समुद्रात जायची. हिरवी, काचेसारखी लाट उठायची, बाई फळीवर उभी राहायची आणि त्या लाटेच्या अंगावरून अशी अलगद उतरत जायची, जणू तिला कुठेच पोचायचं नव्हतं. तिची फळी आखूड होती, शेपूट मधून कापलेलं, खाली माशाच्या परांसारखे दोनच फिन. मी गुडघ्यांना मिठी मारून बघत बसायची. इतकं पाणी! आणि एकही माणूस हंडा घेऊन धावत नाही! डोळ्यांत पाणी यायचं हो माझ्या. आपल्यालाही एकदा पाण्याने असं उचलून न्यावं, आपण त्याच्यावर उभं राहावं, एवढंच मला वाटायचं. एकदाच. पुढची कितीतरी वर्षं मी पोळ्या लाटताना, फुलांच्या जुड्या बांधताना मनातल्या मनात ते करत होते. त्या नादात कितीतरी पोळ्या मधून कापलेल्या शेपटीच्या झाल्या.

माझा धाकटा भाऊ दिलीप मालवाहू जहाजावर स्वयंपाकघरात कामाला लागला. दर खेपेला विचारायचा, "ताई, येताना काय आणू?" मी आपली अत्तर, चॉकलेट असं काहीतरी सांगायची. एका खेपेला मात्र तोंडातून निघूनच गेलं, "फळी आण."

त्यानंतर महिन्याभराने रविवारी सकाळी फोन वाजला. दिलीप ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा बंदरातून, थेट दुकानातून बोलत होता. परदेशाचा फोन म्हणजे आमच्याकडे ग्रामसभा. माझे सासरे नाना, सासूबाई (मी आणि दिलीप त्यांना आत्याबाई म्हणतो), आमचे हे, शिवाय दूध न्यायला आलेला गवळी, सगळे फोनभोवती. ह्यांनी स्पीकरचं बटण दाबलं.

"ताई, लवकर सांग, कार्ड संपत आलंय!" दिलीप ओरडला. "इथे तीन प्रकार आहेत. पहिली लांबलचक, दाराएवढी. खाली एकच फिन. नवीन माणसाने हीच घ्यावी म्हणतात."

"फिन म्हंजी काय रं?" नानांनी फोनवर वाकून विचारलं.

"खाली असतं, नाना. पाणी कापत जातं."

"म्हंजी नांगराचा फाळ म्हण की!" नानांना एकदम सगळं समजलं. त्या क्षणापासून आमच्या घरात फिन हा शब्द कुणी वापरला नाही.

"एकच फाळ? एकटंच नको बाई," सासूबाई म्हणाल्या. "दुसरी कशी हाय?"

"दुसरी तीन फाळांची."

"तीन?" सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. या बाईने जन्मात कुणाच्या ताटात तीन भाकरी वाढलेल्या नाहीत. घरातून तिघं गावाला निघाले, तर चौथा सोबती म्हणून त्या पिशवीत खडा टाकतात. आम्ही तिघं एकदा त्र्यंबकेश्वरला गेलो, तेव्हा मी तो खडा मांडीवर घेऊन बसले होते. "तीन फाळाची वस्तू घरात येणार नाय. आणायचीच तर संगती खडा बांधून आण म्हणावं त्याला!"

"मग तिसरी बघा. दोन फाळांची. सध्या पुन्हा चालतेय. आखूड, रुंद, शेपूट मधून कापलेलं. लय सुळकन पळते. पण आत्याबाई, दुकानदार म्हणतोय की ही हाताळायला जरा..."

"दोनाची घे! जोडी हाय, शुभ हाय!" सासूबाईंनी निकाल दिला. नानांनी मान हलवली, ह्यांनी मान हलवली, गवळ्यानेही हलवली.

मी एक अक्षर बोलले नाही. टीव्हीवरच्या बाईची अगदी तीच फळी! पण सासू आपल्या मनातलं बोलत असते तेव्हा सुनेने गप्प राहावं.

"दुकानदार विचारतोय, तुमच्याकडे लाटा कशा असतात?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"मध्यम," नाना ठामपणे म्हणाले.

"आणि ताई, तुझं वजन किती?"

आता मला सांगा, सासरा, सासू, नवरा आणि गवळी कान टवकारून उभे असताना कुठली बाई खरं वजन सांगेल?

"पन्नास," मी म्हणाले.

ह्यांना चहाचा ठसका लागला. "पन्नास? अगं, मागच्या जत्रंला काट्यावर..."

"पन्नास!" मी ओरडले आणि फोन कट झाला. (फळीचा आकार माणसाच्या वजनावर ठरतो, हे मला फार पुढे कळलं. कळलं असतं तरी मी पन्नासच सांगितलं असतं.)

दिलीप सुट्टीवर आला. नाशिक रोड स्टेशनवर आम्ही जीप घेऊन गेलो. फळीला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने ती पांढऱ्या चादरीत गुंडाळून सुतळीने तीन ठिकाणी आवळली होती. जीपच्या टपावर ती आडवी बांधली आणि आम्ही निघालो. नाशिकच्या द्वारका चौकात एका माणसाने टोपी काढली. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोण होतं?"

"मेव्हण्यानं आणलंय. ऑस्ट्रेलियाहून," हे अभिमानाने म्हणाले.

"अरेरे! तिकडंच गेले का?" तो बिचारा गाडी बाजूला घेऊन थांबला आणि आम्हाला आधी जाऊ दिलं. त्या दिवशी गंगापूर रोडपर्यंत आम्हाला कुणी हॉर्न वाजवला नाही.

घरी सासूबाई ताट घेऊन तयारच होत्या. नवं वाहन घरात आलं की त्याची पूजा व्हायलाच हवी. फळीवर कुंकवाचं स्वस्तिक आलं, झेंडूचा हार आला. दोन्ही फाळांखाली एकेक लिंबू ठेवलं गेलं. "हं, आता जरा पुढं चालव," असं त्या म्हणाल्या. दिलीपने ढकलली तर एक लिंबू सणकन सुटून नानांच्या नडगीवर बसलं. तोवर हे नारळ हातात घेऊन फळीच्या नाकापाशी पोचले होते.

"दाजी, नाही! फुटेल!" दिलीप फळीवर आडवा पडला.

"नारळ फुटण्यासाठीच असतो रं!"

शेवटी नारळ उंबऱ्यावर फोडला आणि त्याचं पाणी फळीवर शिंपडलं. मी बाजूला उभी होते. मी हळूच तिच्या काठावरून हात फिरवला. इतकी गुळगुळीत, इतकी हलकी! त्या रात्री ती आमच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली, आणि मला झोपेत समुद्राचा आवाज आला. (ह्यांचं घोरणं असेल, पण मी तपासलं नाही.)

आता प्रश्न पाण्याचा. गोदावरीच्या घाटावर जाऊन सर्फिंग करायची माझी छाती नव्हती. धरणात उतरू देत नाहीत. समुद्रावर जायचं, तर फुलांचा हंगाम सोडून जाणार कसं? मग उरलं आमचं शेततळं. आदल्याच वर्षी खणलेलं, भोवती मातीचा उंच बांध, आत सगळीकडे काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. होळी होऊन गेली होती. तळं काठोकाठ भरलेलं होतं आणि तेवढ्या पाण्यावर उन्हाळ्याच्या लग्नसराईतली सगळी फुलं उभी राहायची होती. नानांचा त्या पाण्यावर जीव होता. बांधाच्या खालच्या अंगाला भिकाआप्पांचं कोथिंबिरीचं वावर होतं. त्यांची विहीर आटली होती, म्हणून ते रोज येऊन एखादा पाट पाणी मागायचे आणि नाना रोज तेच सांगायचे, "आप्पा, एक थेंब नाय."

अशा पाण्यात सुनेला उतरू द्यायला नाना तयार झाले, हीच मोठी गोष्ट. "उतर," ते म्हणाले. "पण कागद सांभाळ, रंजना. कागद गेला तर सगळं गेलं."

"सांभाळते, नाना," मी म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला आवळून मी पाण्यात शिरले. फळीवर पोटावर पडले. फळी पन्नास किलोच्या बाईची होती. ती मला घेऊन शांतपणे पाण्याखाली गेली. वर माझं फक्त डोकं आणि दिलीपने दिलेली सूचना, "ताई, आता हात मार!"

"बुडाली का?" सासूबाई बांधावरून.

"नाही, आत्याबाई! बसलेय!"

तळ्यात लाटा नाहीत, हा दुसरा घोटाळा नानांच्या लक्षात आला. "मध्यम म्हनलो व्हतो मी," ते पुटपुटले. त्यावर ह्यांनी उपाय काढला. मोटारसायकल बांधावर घ्यायची, मागे दोर बांधायचा, दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. गाडी बांधावरून पळणार आणि मी पाण्यावरून! दिलीपही म्हणाला, होईल. मलाही वाटलं, होईल. स्वप्नातल्या गोष्टी जवळ आल्या की माणसाला सगळंच होईलसं वाटतं.

ह्यांनी किक मारली. फळी खरंच पाण्याबाहेर आली! वारा लागला, दोन्ही बाजूंनी पाणी फाकलं, मी किंचाळले, "आलं! आलं!" पण बांध वळतो तिथे मोटारसायकल वळली आणि मी वळले नाही. मी सरळ बांधाच्या उतारावर चढले, फळीसकट, आणि तिथेच टेकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. खालून चर्रर्र असा काहीतरी आवाज आला होता. पण माझा ड्रेस फाटला असेल, असं मला वाटलं आणि चारचौघांत मी तो विषय काढला नाही.

ड्रेस धडधाकट होता. फाटला होता कागद. दोन फाळांनी दोन चिरा, शेजारी शेजारी, एकसारख्या लांबीच्या.

सगळे चहाला गेले. मी म्हणाले, मी जरा थांबते. दोर सोडून दिला, फळी पुन्हा पाण्यात ढकलली आणि तिच्यावर उताणी पडून राहिले. फळी पाण्याच्या वीतभर खाली, तिच्यावर मी, म्हणजे बघणाऱ्याला मी नुसतीच पाण्यावर झोपलेली दिसत असणार. कानांत पाणी गेलेलं, त्यामुळे जगाचा आवाज बंद. वर मार्चचं पांढुरकं आभाळ आणि त्यात एक घार, तिलाही कुठे पोचायचं नव्हतं. शेवंतीच्या वावरातून ओल्या मातीचा वास येत होता. मला इतकं छान वाटत होतं की लाट आली नाही तरी चालेल, असं मनाशी म्हणून झालं. आणि तेव्हाच फळी आपोआप हळूहळू सरकायला लागली. मला वाटलं, वारा असेल.

तिकडे कागदामागून पाणी आदल्या वर्षीच्या भुसभुशीत मातीत शिरलं होतं. मातीत उंदरांची बिळं आधीपासून तयारच होती. चहा घेऊन नाना परत आले, तर बांधाला बाहेरून घाम फुटलेला.

"कागद फाटला!" नाना ओरडले. कानात पाणी असूनही मला ते ऐकू आलं. "पोती आणा! माती टाका! अरं, बांध चालला!"

हे फावडं आणायला पळाले, दिलीप पोत्यांकडे पळाला. दिलीपच्या गळ्यात कॅमेरा होता, तो त्याने पळताना गोठ्याच्या खुंटीला अडकवला. नाना बांधावर उभे राहून नुसतेच हात हलवत होते. आणि बांध बसला.

मी काय पाहिलं ते सांगते. माझ्याखालचं पाणी एकदम उचललं गेलं. तळ्याचं ते साधं, सपाट, शेतीला पाळी द्यायचं पाणी! त्याने मला तळहातावर घेतल्यासारखं वर घेतलं. मी कशी कोण जाणे गुडघ्यांवर आले, फळी खाली गर्रकन फिरली, आणि मी उभी राहिले. उभी! दोन्ही पायांवर! फेस उसळत होता, कोथिंबिरीचा वास चहूकडून येत होता. समोर बांधावरचे नाना लहान लहान होत चालले होते, घर लहान होत होतं, गोठा लहान होत होता, आणि मला कशाचीही भीती वाटत नव्हती. टीव्हीवरच्या बाईसारखे मी हात पसरले. किती वेळ चाललं ते? "अगं बाई" एवढं म्हणून होण्याइतकं. मी ते म्हणालेसुद्धा.

मग मी आप्पांच्या वावराच्या मधोमध चिखलात बसलेली होते. फळी पुढे जाऊन बाभळीला टेकली होती.

भिकाआप्पा धावत आले. बाईला लागलं का वगैरे काही विचारलं नाही. त्यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून आपल्या सुकलेल्या कोथिंबिरीकडे पाहिलं, मग रिकाम्या होत चाललेल्या तळ्याकडे आणि मग बांधावर उभ्या असलेल्या नानांकडे.

"नाना!" ते तिथूनच हात जोडून ओरडले. "लय मोठं मन हाय तुमचं! एक पाट मागितला व्हता, तुम्ही तळं दिलं!"

नानांनी एक हात वर केला आणि ते खाली बसले.

संध्याकाळी सगळे ओट्यावर बसले होते. मी कोपऱ्यात, केसांत अजून कोथिंबीर. उन्हाळ्याची सगळी फुलं माझ्यामुळे गेली होती. मनमाडला तांब्ये मोजून वाढलेल्या मुलीने अख्खं तळं ओतून दिलं होतं! मला रडू येत होतं, आणि लाज अशी की त्या रडण्याच्या खाली कुठेतरी एक हसू लपून बसलं होतं. कारण मी उभी राहिले होते. पण ते कुणी पाहिलंच नव्हतं. हे फावड्यापाशी, दिलीप पोत्यांपाशी, कॅमेरा खुंटीला, नानांची नजर कागदावर, आप्पांची कोथिंबिरीवर.

नानांनी घसा खाकरला. "फुलं पुढल्या साली येतील. बोअरवर अर्धी शेवंती निघंल. झालं ते झालं." मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तेवढं एक सांग. उभी तरी राह्यली का?"

"राहिले, नाना," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"कुणी बघितलं का पण?" हे म्हणाले.

दिलीपने मान खाली घातली. आयुष्यात एकदा झालेली गोष्ट, आणि तीही माझ्याच शब्दावर उभी.

"म्या बघितलंय," सासूबाई म्हणाल्या.

त्या गोठ्याच्या दारात दुधाची चरवी घेऊन उभ्या होत्या म्हणे तेव्हा. "उभी राह्यली व्हती माझी रंजना. चांगली ताठ. दोन्ही हात पसरून. मी त्या टीव्हीवरच्या बाईलाबी बघितलंय दुपारची, झोपल्याचं सोंग घेऊन. तिच्यापेक्षा सरस उभी व्हती."

मी त्यांचे पायच धरले. डोळे वाहायला लागले, सगळ्यांच्या देखत. सासूबाईंनी माझ्या केसांतली कोथिंबिरीची काडी काढली, पाठीवरून हात फिरवला आणि मायेने म्हणाल्या,

"फकस्त तोंड आमच्याकडं व्हतं तुझं, बाई. म्हनलं, पोरगी माहेरला चाललीय आणि निरोप घेतीय!"

अख्ख्या ओट्यावर हसण्याचा जो काही पूर आला, त्यात मी पुन्हा वाहून गेले. आयुष्यात एकदाच लाटेवर उभी राहिले, आणि तेही रिव्हर्समध्ये!